बारा घरं, बारा हात

अ‍ॅनिस शॉचे हात बारा महिने थंड असायचे. ऐन जुलैत, खाणीतले गडी सदरे काढून दगड फोडायचे त्या दिवसांतही तिने कुणाचा हात धरला की समोरचा दचकायचा. लग्नाच्या दिवशी चॅपेलच्या दारात हार्टलीने तो हात आपल्या हातात घेतला आणि मित्रांना म्हणाला, "बायको करायला गेलो आणि बर्फाची लादी पदरात पडली रे!" सगळे हसले. अ‍ॅनिस हसली नाही. आपल्या हातांची किंमत तिला ठाऊक होती.

असे हात देव एकाच कामासाठी घडवतो आणि ते काम म्हणजे नाताळच्या गोड, झाकणवाल्या मिन्स पाईची पारी. सारण काय, कुणीही करावं. मनुका, बेदाणे, आंबट सफरचंद, संत्र्याची साल, साखर, थोडी ब्रँडी, सगळं बरणीत भरून दोन महिने मुरत ठेवलं की झालं. खरी परीक्षा पारीची. पिठात चरबी आणि लोणी बोटांच्या नुसत्या टोकांनी चोळायचं, तेही असं की ते वितळता कामा नये. हात जरा ऊबदार असला की चरबी पाघळली, पारी चिवट झाली, संपला कारभार. अ‍ॅनिसची पारी ओठांवर ठेवली की मोडायची. तिचा चुरा बशीत पडला तर शहाणी माणसं बोटाने टिपून खायची.

हात थंड होते, पण जिभेवर निखारा होता. ती राहायची त्या डेल्फ फोल्डमध्ये घरं बारा, सहा या बाजूला, सहा समोर, मध्ये दगडी फरशीचं आवार. यॉर्कशायरच्या त्या डोंगरात खाणीवाल्यांनी खाणीवाल्यांसाठी बांधलेली. पूर्वी नाताळ आला की बाराही घरांत लाटणी वाजायची. मग एका वर्षी चॅपेलच्या चहाला समोरच्या घरातली सेलीना क्रॅबट्री आपल्या हातची पाई ताटभर घेऊन आली. अ‍ॅनिसने एक उचलली, चावली, ठेवून दिली आणि चाळीस माणसांत म्हणाली, "सेलीना, यातल्या दोन मला बांधून दे गं. हार्टलीच्या बुटांचे तळ झिजलेत."

हशा झाला. सेलीनाने ताटावर फडकं टाकलं आणि ती घरी निघून गेली. त्यानंतर सहा वर्षं तीस पावलांच्या आवारात दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. बाकीच्या बायकाही शहाण्या झाल्या. आपली शोभा कशाला करून घ्या, म्हणून एकेकीने लाटणं फळीवर टाकलं आणि गावातल्या बेकरीची गाडी वर यायची, तिच्याकडून पाई घ्यायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर अ‍ॅनिसला त्याचं वाईट वाटलं नाही. आवारात एकच घर उरलं जिथे पाई घरी होते, आणि ते आपलं, या विचाराने ती जरा ताठच चालायची.

एकोणीसशे बासष्टच्या ऑक्टोबरात डॉक्टर आले. हार्टलीने चाळीस वर्षं दगड फोडला होता. त्या चाळीस वर्षांत दगड कणाकणाने त्याच्या छातीत जाऊन बसला होता. आता खुर्चीतून दारापर्यंत जायचं म्हटलं तरी तो वाटेत टेबल धरून उभा राहायचा. डॉक्टरांनी त्याची छाती तपासली, हवापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि निघताना अ‍ॅनिसला दारात थांबवलं.

"मिसेस शॉ, नाताळ होईल," ते म्हणाले. "पुढचं मी काही बोलत नाही."

"पुढचा नाताळ?"

"हाच. हा होईल."

ती आत आली तर हार्टली विचारतो, "काय म्हणाला गं? खाणीत उतरू का उद्यापासून?"

"म्हणाला, बायकोचं ऐकत जा."

"मग मेलोच म्हणायचं."

तिने त्याच्याकडे पाठ केली आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती.

मूलबाळ नव्हतं. एकतीस वर्षं दोघंच. हार्टली नसलेल्या घराचा विचार तिने कधी केला नव्हता आणि आता तो करायला बसली तरी तिला तो करता येईना. माणूस अशा वेळी काय वाटेल ते धरतं. बुडत्याला काडीचा आधार. अ‍ॅनिसला आपल्या आजीचं बोलणं आठवलं. नाताळापासून बारा दिवस, रोज एका वेगळ्या घरी जायचं आणि तिथे एक पाई खायची. जितकी घरं, तितके सुखाचे महिने पुढच्या वर्षी पदरात. पाईला सुरी लावायची नाही, नशीब कापलं जातं. पहिली पाई मुकाट्याने खायची, मनात इच्छा धरून. दुकानची धरत नाहीत. आजी बोटं मोजत म्हणायची, "बारा घरं, बारा हात, बारा महिने."

या असल्या गोष्टींना अ‍ॅनिस जन्मभर हसली होती. आता मात्र हसू आलं नाही. बारा घरं तर दारातच होती. बारा महिने म्हणजे पुढचा नाताळ. मधलं जे होतं, 'बारा हात', त्यापाशी ती जरा थांबली. घरोघरी बेकरीच्या पुड्या येणार. आणि समजा, मी सांगितलं म्हणून बायकांनी केल्याच, तरी त्यांचे ते चामड्याचे तुकडे माझ्या नवऱ्याने, धड श्वास घेता येत नाही त्याने, चावत बसायचे? त्याच्या वर्षाचा भार असल्या पारीवर? छे. आजीने घरं आधी म्हटलंय, हात मागून. घरं महत्त्वाची. असं तिने स्वतःला पटवलं आणि शाल घेऊन बाहेर पडली.

दोन नंबरात मॅव्हिस राहायची. गिरणीत कामाला, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती ऐकून डोळे मोठे करून म्हणाली, "मी? पारी? अ‍ॅनिसमावशी, माझं उकडलेलं अंडंसुद्धा आमच्या ह्यांच्या घशाखाली उतरत नाही."

"तुला काही करायचं नाहीये. मी कच्च्या करून देते. तू नुसत्या भट्टीत सरकव, घरभर वास सुटला पाहिजे. आणि हार्टली आला की म्हणायचं, मी केली."

मॅव्हिसने ओठ चावला. "पण मावशी, आमची आजी म्हणायची, हातसुद्धा बारा लागतात."

"तुझ्या आजीला काय कळतंय!"

"तसं नाही हो. मी शिकते ना. अजून दोन महिने आहेत. तुम्ही दाखवा, मी करते. हार्टलीकाकांसाठी करते."

पोरगी मनापासून बोलत होती. अ‍ॅनिसने तिचे हात पाहिले. गुबगुबीत, गुलाबी, गरम. "पारी दोन महिन्यांत येत नाही, पोरी," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

बारा नंबरात इनॉक, म्हातारा विधुर. त्याच्या भट्टीत मांजर झोपायचं, कारण बायको गेल्यापासून ती पेटलीच नव्हती. तो म्हणाला, "हार्टलीसाठी मांजराला बाहेर काढीन. पण मी पाई केली हे त्याला खरं वाटेल होय?" "तू तोंड बंद ठेव, वाटेल," अ‍ॅनिस म्हणाली. अशी ती दहा घरं फिरली. कुणी नाही म्हटलं नाही. हार्टली सगळ्यांचा होता. अ‍ॅनिस कुणाची होती, हा प्रश्न कुणी काढला नाही.

अकरावं दार सेलीनाचं. सहा वर्षांत प्रथमच तिने ते वाजवलं. सेलीनाने दार उघडलं, पण 'आत ये' म्हटलं नाही. अ‍ॅनिसने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं.

"तुझी पाई माझ्या भट्टीत?" सेलीना म्हणाली. "नाही."

"सेलीना, माझ्यासाठी नको. हार्टलीसाठी—"

"हार्टलीसाठीच सांगतेय. माझ्या घरात आला तर माझ्या हातची खाईल. जशी होईल तशी. दात पडला त्याचा तर माझ्या नावाने रड." आणि दार लावलं.

अ‍ॅनिस परतली ती पुटपुटत. पण अकरा तर चांगल्या होत्या. बारावी वाईट का असेना, घर म्हणून मोजली जाईल, असं म्हणून तिने समाधान करून घेतलं.

नाताळच्या आदल्या दिवशी ती सकाळपासून कामाला लागली. हार्टलीच्या छातीसाठी पुढची खोली तापवून ठेवायची आणि पारीला तर ऊब वर्ज्य. म्हणून ती मागच्या धुण्याभांड्याच्या खोलीत गेली, खिडकी सताड उघडली, अंगात कोट घातला आणि दगडी ओट्यावर पीठ चाळलं. नळाखाली हात धरून धरून बोटं निळी पडली तेव्हा ती चरबी चोळायला लागली. वरून पीठ उचलायचं, बोटांतून झिरपू द्यायचं, पुन्हा उचलायचं. रव्यासारखं झालं की दोन चमचे थंडगार पाणी, आणि गोळा. मळायचं नाही, फक्त जमवायचं. मग तो विसाव्याला ठेवायचा. "पीठ आणि माणूस, दमलं की सोडून द्यावं," असं ती म्हणायची, पण स्वतः कधी बसायची नाही.

दहा घरांसाठी दहा थाळ्या लावल्या. आता गंमत बघा. सगळ्या पाई एकसारख्या दिसल्या तर पकडली जाईल, म्हणून तिने प्रत्येक घराची पाई वेगळी केली. मॅव्हिसच्या झाकणाला काट्याने वेडेवाकडे टोचे मारले. इनॉकची झाकणं तिरपी बसवली, एकीतून सारणही जरा बाहेर येऊ दिलं. कुणाची कड जाड, कुणाची फाटकी. जन्मात कधी केली नव्हती इतकी घाण तिने त्या दिवशी मुद्दाम केली. पण हे सगळं वरवरचं. पारी बिघडवायला मात्र तिचे हात तयार होईनात. तिने एकदा प्रयत्नही केला. गोळा दोन्ही तळव्यांत घेऊन जोरात मळायला लागली आणि हार्टली हे तोंडात घालणार, या विचाराने थांबली. तो गोळा फेकून तिने नवा केला.

पुढच्या खोलीतून हार्टलीचा आवाज आला, "अगं, पलटण जेवायला येणारे का?"

"चॅपेलसाठी आहेत."

"चॅपेलचे लोक यंदा फार धार्मिक झालेत म्हणायचे." मग खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. ती पिठाच्या हातांनी धावली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "हाय हाय, बर्फ!" तो म्हणाला, पण तिने हात काढायला घेतला तर त्याने काढू दिला नाही.

पहिली पाई नाताळच्या दिवशी आपल्याच घरी. मुकाट्याने. तो डोळे मिटून सावकाश खात होता. तिनेही एक घेतली होती, पण ती त्याच्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झालं. त्या हिवाळ्याचं नाव अजून काढतात. भिंती बुडाल्या, वाटा बुडाल्या, नळ गोठले, मेंढ्या उभ्याउभ्या गोठल्या. रोज सकाळी अ‍ॅनिस फावडं घेऊन आपल्या दारापासून त्या दिवशीच्या दारापर्यंत वाट मोकळी करायची. मग हार्टली कोट, मफलर, टोपी चढवून काठी टेकत निघायचा. आजीच्या बारा घरांचं तिने त्याला आधीच सांगून राजी केलं होतं.

"मी येते हात धरायला," ती म्हणाली.

"सुखाचे महिने मागायला बायकोला घेऊन जातात होय? आधीच लोक हसतात."

तीस पावलं जायला त्याला दहा मिनिटं लागायची. मध्येच काठीवर दोन्ही हात ठेवून तो वाकायचा, आणि खिडकीत उभ्या असलेल्या अ‍ॅनिसचा श्वास त्याच्याबरोबर अडकायचा. तो दारात शिरला की ती एक बोट मिटायची. परत आला की पाय चोळत विचारायची, "कशी होती?"

"मॅव्हिसच्या हाताला चव आहे हं," तो पहिल्या दिवशी म्हणाला. "कोण म्हणेल! गिरणीतली पोरगी!"

"हो का?"

"आणि इनॉकची विचारू नकोस," शेवटच्या दिवशी म्हणाला. "मांजराचा एक केस नाही गं त्यात. म्हाताऱ्याने इतकी वर्षं गुण लपवून ठेवला."

अ‍ॅनिस मान खाली घालून हसू दाबायची. आपण त्याला फसवलं याचं तिला इतकं समाधान कधीच वाटलं नव्हतं.

नववर्षाच्या दिवशी सेलीनाची पाळी होती. अर्ध्या तासाचं काम, पण तो तासभर आलाच नाही. अ‍ॅनिस शाल घेऊन दारापर्यंत गेली आणि तशीच परत फिरली. शेवटी तो आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. थंडीनेही होतात.

"इतका वेळ? कशी होती?"

"होती."

"होती म्हणजे?"

"अजून चावतोय." आणि अ‍ॅनिस इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात असं हसणं झालं.

पाच जानेवारीला बारावं बोट मिटलं. मिटायला बोटं दहाच असतात, पण अ‍ॅनिसला त्या दिवशी हिशेब बरोबर जमला. तिने त्याच्यासाठी लोकरीचा नवा पायमोजा विणायला घेतला, पुढच्या हिवाळ्यासाठी म्हणून जरा जाड.

फेब्रुवारीत त्याचा पलंग खाली आणला. तो बोलायचा कमी, बघायचा जास्त. बाहेर बर्फ तसंच होतं. अ‍ॅनिस त्याला सांगायची, वितळलं की दाराशी बसू, मे महिन्यात अमकं करू, ऑगस्टात तमकं. तो मान हलवायचा. तीन मार्चला रविवारी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. हात अजून गरम होता. तिने तो आपल्या हातांत धरला आणि मग घाईने सोडला, आपल्या हातांनी तो लवकर गार होईल म्हणून.

जमीन दगडासारखी गोठलेली. खाणीतल्या गड्यांनी पहारी आणि दगडफोडीच्या सुतक्या घेऊन कबर खणली, दोन दिवस लागले. आणि बुधवारी, जणू एवढंच व्हायचं राहिलं होतं, बर्फ वितळायला लागलं. गुरुवारी त्याला नेलं तेव्हा आवारातून पाण्याचे ओहोळ वाहत होते.

लोक गेल्यावर अ‍ॅनिस एकटी बसली. अर्धा विणलेला पायमोजा मांडीवर. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. सेलीना आत आली आणि समोर बसली.

"मी बारा भरल्या होत्या, सेलीना," अ‍ॅनिस म्हणाली. "बारा भरल्या."

सेलीना म्हणाली, "त्याला ठाऊक होतं."

"काय?"

"सगळं. माझ्याकडे आला त्या दिवशी एक घास चावला आणि हसायलाच लागला. म्हणाला, 'सेलीना, आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटलं. बाकी जिकडे जातो तिकडे माझी बायकोच बसलेली.' मॅव्हिसच्या घरी पहिल्या घासालाच कळलं म्हणाला त्याला. 'एकतीस वर्षं तीच पारी खातोय, मला नाही कळणार?'"

अ‍ॅनिसने मान वर केली. "मग पुढे का गेला? त्या बर्फातून? त्या छातीने?"

"मीही हेच विचारलं. रागावले त्याच्यावर. म्हटलं, माहीत आहे तर घरी बस की मुकाट. तर म्हणाला, 'ती खिडकीत उभी असते. मोजत असते.'"

अ‍ॅनिसने पायमोजा तोंडावर धरला. आतून जो आवाज आला तो सेलीनाने कधी ऐकला नव्हता, अ‍ॅनिसनेही नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बारा हात म्हणायची आजी. माझा एक, तुझा एक. दोन. जानेवारी, फेब्रुवारी. बस्स. मॅव्हिस म्हणत होती शिकते, मी शिकू दिलं नाही. दहा महिने मी खाल्ले त्याचे. माझ्या मिजाशीने खाल्ले."

सांत्वनाचं बोलणं सेलीनाला जमत नसे. ती उठली, चहाची किटली चढवली आणि पाठमोरीच म्हणाली, "तो तीन मार्चला गेला."

"म्हणजे?"

"तीन दिवस जास्तीचे निघाले ना? माझी पारी जाड होती."

अ‍ॅनिसने तिच्याकडे पाहिलं. सेलीना हसत नव्हती. तिने दोन कप मांडले.

उन्हाळा गेला, शरद गेला. अ‍ॅनिसने त्या वर्षी सारणाची बरणी भरलीच नाही. लाटणं खणात टाकलं. मॅव्हिस दोनदा येऊन गेली, पीठ कसं चाळायचं, चरबी कुठली, असलं काहीबाही विचारून गेली. अ‍ॅनिसने तुटक उत्तरं दिली आणि दार लावून घेतलं. नाताळच्या दिवशी ती चॅपेललाही गेली नाही. दुपारी सेलीना आली, खुंटीवरचा तिचा कोट काढला आणि तिच्यापुढे धरला.

"चल."

"कुठे?"

"माझ्याकडे. आज माझ्याकडे, उद्या मॅव्हिसकडे, परवा तीन नंबर. इनॉक अकराव्या दिवशी. त्याने काल पाच वेळा पीठ फेकलं, सहाव्या गोळ्याला मांजराने तोंड लावलं, पण करतोय तो. अकरा घरं, अकरा हात. बारावी तुझ्या घरी, ती तू करायची. गाडीवाल्याकडून कुणी घेतलेली नाही."

अ‍ॅनिस जागची हलली नाही. "मला नकोत महिने, सेलीना. मी काय करू त्यांचं?"

"ते मला माहीत नाही. त्याने नववर्षाला माझ्याकडून वचन घेतलं, तासभर बसला होता तो त्यासाठीच. आवारातल्या प्रत्येकीला सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाला, 'ती घराबाहेर पडणार नाही. तिला घरोघर हिंडव. आणि पहिली पाई तुझ्याकडेच खायला लाव.'"

"तुझ्याकडेच का?"

"म्हणाला, 'पहिली मुकाट्याने खायची असते. तुला बोलणी बसायची नाहीत.'"

अ‍ॅनिसने कोटात हात घातले. आवारात त्या वर्षी बर्फ नव्हतं, नुसता चिखल होता. सेलीनाच्या टेबलाशी हार्टली जिथे बसला असेल त्या खुर्चीत ती बसली आणि पाई उचलली. पारी जाड होती, कडेला कच्ची, तळाला करपलेली. चावताना कानशिलं दुखत होती. तिने शेवटचा घास गिळला, बशीतला चुरा बोटाने टिपून खाल्ला आणि एक शब्द बोलली नाही. इच्छा काय धरली ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि सेलीनानेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला होता. अ‍ॅनिस डोक्यावर शाल घेऊन मॅव्हिसच्या दाराकडे निघाली. मध्यावर तिला थांबावं लागलं, दम लागला म्हणून नव्हे. ती उभी राहिली आणि तिने मागे वळून पाहिलं. सेलीना आपल्या खिडकीत उभी होती. मोजत होती.